'उतरा' आणि 'उतरला'

इथे घोडबंदर रोडला येताना कासारवडवलीचा थांबा लागतो. त्यातलं 'वडवली' इंग्रजीत लिहिताना सगळे स्वर भरतात. तोंडाने मात्र आपण 'व-डव-ली' म्हणतो. दुसऱ्या 'व'मधला अ गळतो.

आमच्या शेजारच्या बाई मूळच्या केरळच्या. मराठी शिकतायत. परवा त्या बसमध्ये 'उ-त-र-ला' असं सुटं सुटं म्हणाल्या आणि दोघं-तिघं हसले. बाईंचं काय चुकलं? लिहिलंय तसंच वाचलं त्यांनी!

आता आपल्या तोंडाकडे लक्ष द्या. 'उतर' म्हणजे उ-तर. 'उतरा' म्हटलं की उत-रा. 'उतरला' म्हणताना पुन्हा उ-तर-ला. 'उतरवला' म्हणताना उत-रव-ला. धातू एकच, पण पुढे प्रत्यय लागला की सांधा सरकतो. इटालियनमध्ये 'पार्लो' म्हणजे 'मी बोलतो'. जोर शेवटच्या अक्षरावर नेला की 'तो बोलला', आणि तिथे लेखनात वर खूण करतात. आपल्याकडे जोराने अर्थ बदलत नाही, म्हणून असेल, खुणेची गरजच कुणाला वाटली नाही.

जुनी पुस्तकं काढलीत तर 'उतरविला' दिसेल, 'करितो' दिसेल. त्या 'उतरविला'चे तुकडे उ-तर-वि-ला. पुढे 'वि'चा 'व' झाला, त्यातला अ गेला, आणि चाराचे तीन तुकडे झाले. ऱ्हस्व स्वर झिजण्याची ही चाल फार जुनी. शब्दाच्या शेवटचे आधी गेले, मधले मागून. मोरोपंतांच्या आर्येत मात्र मात्रा मोजायच्या, तिथे 'उतरला'च्या पाच भरतात. एकही स्वर गाळायची सोय नाही.

मग मराठीत आघात असतो तरी कुठे? यावर मोठा वाद झालाय. राल्फ टर्नर यांनी 1916 साली मांडलं, की वैदिक स्वराघाताच्या खुणा मराठीत उरल्या आहेत. 'मराठी भाषेचा विकास' ज्यांच्या फ्रेंच ग्रंथाचं भाषांतर, त्या झूल ब्लॉक यांना ते पटलं नाही. माझा कल ब्लॉककडे. आपल्या बोलण्यात जोरापेक्षा स्वरांचं ऱ्हस्व-दीर्घ जास्त काम करतं.

बाईंना मी एवढंच सांगितलं: शेवटाकडून मागे या. 'ला' दीर्घ, तो राहतो. त्याच्या आधीच्या 'र'मधला अ गळतो. त्याच्या आधीचा, 'त'मधला, टिकतो. आता त्या वहीत शब्दावर पेन्सिलीने बारीक रेघा मारतात. 'समजा' आणि 'समजला' त्यांचं त्यांनीच सोडवलं.