मिठागरावरची मोजदाद: कोडिक्कराईचे पक्षी आणि त्यांची वही

या मालिकेत आपण बहुतेक वेळा किल्ले, लढाया, तह आणि वंशावळी यांच्यावर बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. आज पक्ष्यांवर बोलायचं आहे. पण काळजी करू नका, इतिहास सोडून कुठे जात नाही. उलट ज्या जागेबद्दल सांगणार आहे, तिथे पक्षी बघायला उभं राहिलं की पायाखाली इतिहासच लागतो.

जागा आहे तमिळनाडूतली, नागपट्टिणम जिल्ह्यातलं कोडिक्कराई. इंग्रजी नकाशात तिचं नाव पॉइंट कॅलिमियर. भारताचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पूर्व किनारा चेन्नईपासून सरळ खाली उतरत येतो आणि एका ठिकाणी काटकोनात पश्चिमेला वळतो. तो कोपरा म्हणजे कोडिक्कराई. एका बाजूला बंगालचा उपसागर, दुसऱ्या बाजूला पाल्कची सामुद्रधुनी आणि पाण्यापलीकडे श्रीलंकेचा उत्तर किनारा. भूशिर म्हटलं की आपल्या कोकणी डोळ्यांना उंच काळा कडा दिसतो. तसं इथे काही नाही. सगळी जमीन सपाट. सर्वांत उंच जागा म्हणजे ‘रामर पादम’ नावाची वाळूची टेकडी, तीही चार-पाच मीटरची. रामाने इथून लंकेकडे पाहिलं अशी श्रद्धा आहे, म्हणून दगडावर पावलं कोरलेली आहेत. या किनाऱ्याला आदिसेतू म्हणतात आणि अमावास्येला लोक समुद्रस्नानाला येतात. भूशिराच्या मागे, वेदारण्यम गावापासून पश्चिमेला मुत्तुपेटच्या खारफुटीपर्यंत, खाऱ्या दलदलीचा आणि मिठागरांचा प्रचंड पट्टा पसरला आहे.

मी गेली वीस वर्षं चेन्नईत राहते. कोडिक्कराईला मी गेले ती मार्चच्या पहिल्या आठवड्यात, आणि खरं सांगायचं तर पक्ष्यांसाठी नव्हे. मला १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहाची जागा बघायची होती. दुर्बीण मैत्रिणीने हातात कोंबली होती. तो वसंताचा अगदी आरंभ. हिवाळ्यात आलेले पाहुणे पक्षी परतीच्या तयारीत असतात. पहाटे दलदलीच्या बांधावर उभी राहिले, उजाडू लागलं आणि समोरचा चिखल हलतोय असा भास झाला. ते छोटे टिलवे होते. चिमणीएवढे, चोच शिवणयंत्राच्या सुईसारखी चालवत चिखल टोचणारे. त्यांच्यात वाकड्या चोचीचे तुतवार. त्यांच्या पांढऱ्या पोटावर विटकरी रंगाचे ठिपके उमटायला लागले होते. हा विणीचा पोशाख. विणीची जागा कुठे, तर सायबेरियाच्या उत्तर टोकाला, टुंड्रात. दूरवर रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ होती. मग एक घार वरून गेली आणि अख्खा थवा एकदम उठला, वळला, चांदीसारखा चमकला, पुन्हा वळला आणि करडा झाला.

मी भारावून गेले होते. शेजारी एक वृद्ध गृहस्थ उभे होते, गावातलेच. माझ्या कामचलाऊ तमिळमध्ये मी त्यांना म्हणाले, “ऐया, केवढे पक्षी आहेत!” ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, “हे काहीच नाही, अम्मा.”

एवढंच बोलले. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. माझ्यासाठी जे अफाट होतं, ते त्यांच्यासाठी उरलंसुरलं होतं. आमच्या दोघांपैकी खरं कोणाचं, हे ठरवायचं कसं? त्यासाठी कोणीतरी आधी मोजलेलं असायला हवं. म्हणून आजचा आपला प्रश्न असा: या भूशिरावर पक्ष्यांची मोजदाद कोणी केली, कधी आणि कशासाठी?

सुरुवात आपल्याच माणसांपासून करू. हा सगळा प्रदेश तंजावरच्या राज्यातला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे तंजावरला आले आणि १८५५पर्यंत तिथे भोसल्यांची गादी राहिली. त्यातले दुसरे सरफोजीराजे, कारकीर्द १७९८ ते १८३२. सरस्वती महाल ग्रंथालयामुळे त्यांचं नाव आपल्याला ठाऊक असतं. १७९९च्या तहाने राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला आणि राजाकडे उरला तो मुख्यतः तंजावरचा किल्ला आणि त्याचा परिसर. राज्य गेलं, पण कुतूहल राहिलं. सरफोजींनी वैद्यक, वनस्पती, प्राणी यांचा नाद धरला. आपल्या चित्रकारांकडून पशुपक्ष्यांची चित्रं काढून घेतली आणि त्यातली काही तंजावरचा इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टॉरिन याला दिली. ती आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

याच किनाऱ्यावर, कोडिक्कराईच्या पश्चिमेला मुत्तुपेट ओलांडून गेलात की सरफोजींनी बांधलेला मनोरा लागतो. नेपोलियनच्या पराभवाची आणि इंग्रजांच्या विजयाची आठवण म्हणून तो उभारला. सहा बाजूंचा, आठ मजली. त्यावरच्या लेखांत मराठीही आहे. तमिळ समुद्रकिनाऱ्यावर, युरोपातल्या लढाईबद्दल, मराठीत लेख! आपल्या इतिहासाला अशी गमतीदार वळणं बरीच आहेत.

पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने सरफोजींची चित्रं कुठवर नेतात? चित्रावरून पक्षी कोणता ते ओळखता येतं. किती होते, ते कळत नाही. राजाच्या चित्रशाळेत एकेक पक्षी येतो, थवा येत नाही.

आता मिठाकडे वळू. मद्रास इलाख्यात कंपनीने १८०५मध्ये मिठाची मक्तेदारी आणली. मीठ पिकवायचं ते सरकारच्या परवानगीने आणि विकायचं ते सरकारलाच. तेव्हापासून वेदारण्यमच्या या दलदलीतल्या मिठाचा हिशेब काटेकोर ठेवला जाऊ लागला. हिशेब अर्थात मिठाचा. ज्या चिखलातून मीठ निघतं त्यातल्या अळ्या-किड्यांवर जगणारे पक्षी कोणाच्या खातेवहीत येणार?

मग १९३०. गांधीजी दांडीला पोचले आणि दक्षिणेत राजाजींनी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारींनी, वेदारण्यमची निवड केली. १३ एप्रिलला शंभरेक स्वयंसेवक तिरुचिरापल्लीहून पायी निघाले. तंजावर जिल्ह्याचा कलेक्टर थॉर्न याने फर्मान काढलं की यांना जेवण किंवा आसरा देणाऱ्याला तुरुंगात टाकू. लोकांनी काय केलं? जेवणाच्या पुरचुंड्या वाटेवरच्या झाडांच्या फांद्यांना बांधून ठेवल्या. देणारा दिसला नाही, खाणारा उपाशी राहिला नाही. वेदारण्यममध्ये वेदरत्नम पिळ्ळै यांनी सत्याग्रहींची व्यवस्था पाहिली. ३० एप्रिलला राजाजींनी अगस्त्यमपळ्ळीजवळच्या दलदलीत मीठ उचललं आणि त्यांना अटक झाली. आज तिथे स्मारक आहे.

त्या स्मारकाजवळ उभी असताना मी तारखांचा विचार करत होते. एप्रिलची अखेर म्हणजे बहुतेक टिलवे आणि तुतवार उत्तरेला निघून गेलेले. स्वयंसेवक उत्तर-पश्चिमेकडून चालत येत होते, तेव्हा त्यांच्या डोक्यावरून शेवटचे थवे उलट दिशेने जात असतील. सत्याग्रहींची संख्या, चालण्याचे दिवस, अटका, शिक्षा सगळं नोंदलेलं आहे. वरचे थवे मात्र नोंदीविनाच गेले.

मोजदाद सुरू झाली ती पुढे तीस वर्षांनी, आणि तिचं कारण होतं भीती. १९५७मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि पाठोपाठ माणसं तापाने आजारी पडू लागली. विषाणू शोधला पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने. तो निघाला रशियात आढळणाऱ्या एका मेंदूज्वराच्या विषाणूचा जवळचा नातेवाईक. तो गोचिडींतून पसरतो. मग शंका आली, की सायबेरियाहून येणारे पक्षी अंगावरच्या गोचिडींबरोबर हा रोग आणत तर नाहीत? पक्षी कुठून येतात, कुठे जातात हे शोधणं आता आरोग्याचा प्रश्न झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५९पासून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचं काम हाती घेतलं. पुढच्या काळात या कामाचं एक मोठं केंद्र ठरलं ते कोडिक्कराई.

कडी म्हणजे हलक्या धातूची बारीकशी अंगठी. तीवर एक क्रमांक आणि मुंबईच्या संस्थेला कळवा अशा अर्थाचे इंग्रजी शब्द. पंचवीस-तीस ग्रॅमच्या जिवाच्या पायात मुंबईचा पत्ता! तो पक्षी हजारो किलोमीटरवर कोणाला सापडला आणि त्या माणसाने पत्र टाकलं, तर वाटेचा एक बिंदू कळायचा.

पण पक्षी आधी पकडायचा कसा, तोही जिवंत आणि पिसाला धक्का न लावता? ही विद्या विद्यापीठात नव्हती. ती होती बिहारच्या मिरशिकारांकडे. पिढ्यान्‌पिढ्या पक्षी धरून पोट भरणारी ही मंडळी. संस्थेने त्यांनाच कामावर घेतलं. ज्या हातांनी पक्षी बाजारात जायचे, त्याच हातांनी ते कडी घालून परत आभाळात सोडले जाऊ लागले. शास्त्रीय अहवालांत या माणसांना फार जागा मिळत नाही, म्हणून इथे मुद्दाम सांगते.

या कामावर संशयही घेतला गेला. मधल्या काळात अमेरिकी लष्कराशी संबंधित निधी त्यात आला होता. जंतुयुद्धासाठी तर ही माहिती गोळा होत नाही ना, असा गदारोळ झाला आणि १९७४-७५मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीने परदेशी सहभागाच्या अशा प्रकल्पांवर ताशेरे ओढले. परकी लष्कर आपल्या पक्ष्यांच्या वाटांसाठी पैसे का देतं, हा प्रश्न विचारायलाच हवा होता. माझ्या मते तो विचारला गेला हे योग्यच झालं, आणि कडी घालण्याचं काम थांबलं नाही हेही योग्यच झालं. क्यासनूरचा रोग सायबेरियाच्या पक्ष्यांनी आणला याला पुरावा मिळाला नाही. भीती निराधार ठरली, पण वही उरली.

आता ते वृद्ध गृहस्थ. थवा खाली बसल्यावर त्यांनी स्वतःहून सांगितलं, की तरुणपणी तेही या कामावर रोजंदारीला होते. अमावास्येच्या आसपासच्या काळोख्या रात्री चिखलात बारीक जाळी लावायची, कंदील घेऊन फेऱ्या मारायच्या, अडकलेले टिलवे अलगद सोडवून पिशवीत ठेवायचे. टिलव्याला तमिळमध्ये ‘कोसु उळ्ळान’ म्हणतात. कोसु म्हणजे डास. डासांसारखे असंख्य, म्हणून हे नाव पडलं, असा त्यांचा खुलासा. “आता तेवढे डासच उरलेत,” असं म्हणून ते हसले, पण मला हसू आलं नाही.

आणि इथे ते बरोबर होते. त्यांची आठवण आणि अभ्यासकांची वही एकच सांगतात: पाणथळीतल्या या पक्ष्यांची संख्या गेल्या काही दशकांत मोठ्या प्रमाणात घटली आहे. गंमत म्हणजे कागदावर संरक्षण वाढतच गेलं. १९६७मध्ये अभयारण्य झालं, तेव्हा मुख्य कारण काळवीट होतं. २००२मध्ये ही तमिळनाडूतली पहिली रामसर पाणथळ ठरली. पण दलदलीला लागतं गोडं आणि खारं पाणी योग्य प्रमाणात. कावेरीच्या मुखाकडचं गोडं पाणी कमी येऊ लागलं, उद्योगांची मिठागरं पसरली, पाण्याचा खारेपणा बदलला. खारेपणा एका मर्यादेपलीकडे गेला की चिखलातल्या अळ्या मरतात, आणि अळ्या नसल्या की टुंड्रापर्यंत उडायला लागणारी चरबी अंगावर चढत नाही. शिवाय चोरटी शिकार आहेच. ज्या मिठासाठी १९३०मध्ये माणसं तुरुंगात गेली, तेच मीठ आज पक्ष्यांच्या ताटात जास्त झालं आहे. यात सत्याग्रहाचा दोष नाही. मिठावरचा हक्क मिळाला, पण दलदलीचंही काही देणं लागतो हे आपण लक्षात घेतलं नाही.

निसर्गाचे तडाखेही बसले. चोळकाळातला समजला जाणारा इथला जुना दीपस्तंभ २००४च्या त्सुनामीत कोसळला. कल्कींच्या ‘पोन्नियिन सेल्वन’ कादंबरीमुळे तमिळ वाचकांच्या मनात तो अजून उभा आहे. नोव्हेंबर २०१८च्या गज चक्रीवादळाने जंगलातली असंख्य झाडं पाडली. जंगल पुन्हा उगवतं आहे. दीपस्तंभाचा मात्र आता ढिगारा आहे.

मंडळी, मी त्या सकाळी एकटीच गेले असते, तर परत येऊन सांगितलं असतं की कोडिक्कराईला पक्ष्यांची रेलचेल आहे. ते खोटं ठरलं नसतं, कारण मी पाहिलं ते तसंच होतं. पण जुनी नोंद नसली की प्रत्येक पिढी आपल्या लहानपणी पाहिलं तेवढंच भरपूर धरून चालते आणि झालेलं नुकसान कोणाला दिसतच नाही. गडांचे दगड ढासळले तर आपल्याला कळतं, कारण जुनी वर्णनं आहेत. थव्यांच्या बाबतीत ते काम वह्यांनी आणि त्या वृद्धासारख्या माणसांनी केलं आहे.

म्हणून एक विनंती. तुम्ही भोपाळला असा, बडोद्याला, बेळगावला की तंजावरला, गावाजवळ एखादा तलाव किंवा खाडी असेलच. या मार्चमध्ये एका सकाळी तिथे जा. नावं आली नाहीत तरी चालतील. दिवस, वेळ, जागा आणि साधारण किती पक्षी दिसले, एवढं वहीत लिहा. पुढच्या मार्चला पुन्हा जा. आणि तिथे एखादा म्हातारा कोळी किंवा मिठागरातला कामगार भेटला, तर पूर्वी किती असायचे ते त्याला विचारा आणि तेही लिहून ठेवा.

निघताना मी त्या गृहस्थांना विचारलं, हे सगळे जातील कधी? त्यांनी वाऱ्याकडे तोंड केलं आणि म्हणाले, “अजून महिनाभर आहेत. मग एका रात्रीत जागा रिकामी होते.” मी वहीत तारीख घातली आणि अंदाजे आकडा लिहिला. माझ्या वहीतली ती पहिली नोंद.

भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.