मोरचूद, सोमल आणि कुंपणाचा खांब

कुंपणाचा खांब कुजतो तो जमिनीलगत. खोल पुरलेलं टोक उपटून पाहा, पुष्कळदा धड निघतं, कारण तिथे हवा पोचत नाही. वरचा भाग वाऱ्याने वाळतो. मधल्या वीतभर पट्ट्यात मात्र ओल, हवा आणि अन्न तिन्ही जमून येतात, आणि बुरशीला आणखी काही लागत नाही. लाकडातली ओल वीसेक टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीचं काही चालत नाही; पण चार महिने पाऊस कोसळतो त्या मुलखात ती तेवढी उतरणार कधी? कोकणात म्हणूनच खुंटाचं टोक विस्तवावर होरपळून घ्यायचं, डांबर फासायचं, ऐन-खैराचा गाभाच निवडायचा, असे उपाय चालत आले. पण फासलेलं डांबर वरच्यावर राहतं. लाकूड उन्हात तडकलं की त्याच फटीतून पाणी आत शिरतं आणि खांब आतून पोकळ होतो.

औषध लाकडाच्या आत गेलं पाहिजे, हे युरोपात कळलं ते आरमाराची जहाजं कुजू लागल्यावर. जॉन हॉवर्ड कायन याने 1832 साली पाऱ्याच्या विषारी क्षारात लाकूड भिजवण्याचं पेटंट घेतलं. त्याआधी त्याचा ओकचा ठोकळा वुलविचच्या गोदीत मुद्दाम ठेवलेल्या बुरशीच्या खड्ड्यात तीन वर्षं राहून धडधाकट बाहेर आला होता. मायकेल फॅरडे यांनी 1833 मध्ये या पद्धतीवर व्याख्यान दिलं. पण पारा महाग, माणसाला घातक, शिवाय लोखंडाला खाणारा. मग 1838 साली जॉन बेथेलने लाकूड लोखंडी नळकांड्यात बंद केलं, आतली हवा ओढून काढली आणि दगडी कोळशाच्या डांबरापासूनचं क्रिओसोट तेल दाबाने आत घुसवलं. रेल्वेचे स्लीपर आणि तारांचे खांब त्यावर टिकले. घराच्या कुंपणाला मात्र ते कसं चालावं? काळं, उग्र वासाचं, उन्हात पाझरणारं. टेकलं की कपड्याला डाग.

पाण्यात विरघळणारे क्षार स्वच्छ आणि स्वस्त. जस्ताचे झाले, मोरचुदाचे म्हणजे तांब्याचे झाले. अडचण एकच, आणि पावसाळी प्रदेशात तीच मोठी: जे पाण्यात विरघळून आत जातं, ते पाण्यातच विरघळून बाहेर येतं. सुपारीच्या बागाइतदाराला हे सांगायला नको. कोळेरोगासाठी नुसतं मोरचुदाचं पाणी मारलं तर ते पोफळीला भाजेल आणि पहिल्या सरीत धुऊनही जाईल. म्हणून त्यात चुना मिसळून बोर्डो मिश्रण करतात आणि तांबं घोसाला चिकटून राहतं. लाकडाच्या आत हे काम कोण करणार, हा खरा प्रश्न होता.

उत्तर सापडलं देहरादूनला. तिथल्या वनसंशोधन संस्थेत सोंती कामेसम लाकूड टिकवण्याच्या प्रश्नावर काम करत होते. बाहेर हिमालयाच्या पायथ्याचा धुवाधार पाऊस आणि जमिनीत वाळवी. परीक्षा घ्यायला याहून कडक जागा शोधून मिळाली नसती. 1933 साली त्यांनी मोरचूद आणि सोमल (आर्सेनिक) यांच्या जोडीला क्रोमियमचा क्षार घातला. तांबं बुरशीला मारतं. सोमलाने वाळवी मरते, आणि तांबं पचवणाऱ्या काही बुरश्याही. क्रोमियम स्वतः फारसं कोणाला मारत नाही, पण लाकडाच्या संपर्कात त्याचं रूप पालटतं आणि त्या रासायनिक क्रियेत तांबं व सोमल न विरघळणाऱ्या संयुगांत अडकून पडतात. प्रक्रिया केलेलं लाकूड दोन-तीन आठवडे छपराखाली ठेवलं की ही पकड बसते. पुढे भारतीय मानकात आलेलं प्रमाण वजनाने असं आहे: एक भाग सोमलाचा क्षार, तीन भाग मोरचूद आणि चार भाग पोटॅशियम डायक्रोमेट. म्हणजे निम्मा भाग निव्वळ पकडीसाठी! कामेसम यांची थोरवी मला या अर्ध्या भागात दिसते. विषं जुनीच होती. त्यांना पावसात जागेवर बसवलं ते कामेसम यांनी.

'अस्कू' नावाने हे मिश्रण बाजारात आलं. 1938 साली त्याला अमेरिकेचं पेटंट मिळालं, तिथल्या टेलिफोनच्या खांबांना ते वापरलं गेलं, आणि 1970 नंतर तर घरोघरची कुंपणं, अंगणातले लाकडी ओटे, मुलांचे झोपाळे याच हिरवट लाकडाचे झाले. न्यूझीलंडमध्ये जलद वाढणारा पण जमिनीत झटकन कुजणारा रेडिएटा पाइन कुंपणाला चालू लागला तो याच औषधामुळे. सागवानाचा गाभा टिकतो, पण तो औषध पीत नाही; हलकं, पांढरं लाकूड भरपूर पितं. त्यामुळे जे लाकूड सुतार हातात धरत नव्हता, तेच उपयोगी ठरलं.

पण ती पकड पूर्ण नव्हती. थोडा सोमल झिरपून खांबाभोवतीच्या मातीत सापडू लागला, आणि झोपाळ्याला धरलेले हात मुलं तोंडात घालतात ही काळजी वाजवीच होती. 2003 अखेर अमेरिकेत घरगुती वापरासाठी हे मिश्रण बंद झालं, पाठोपाठ युरोपनेही त्यावर कडक निर्बंध घातले. न्यूझीलंडमध्ये ते अजून वापरात आहे. आता इतरत्र सोमलाविना, तांब्याबरोबर दुसरं बुरशीनाशक घालून काम भागवतात. टाकणखार-बोरिकचे क्षार सुरक्षित खरे, पण ते उघड्यावर धुऊन जातात. छपराखालच्या लाकडालाच ते द्यावेत. मुलांचा विचार करता हा बदल योग्यच झाला. तरीही एका भारतीयाच्या या शोधावर जगातली कोट्यवधी कुंपणं पावसात उभी राहिली, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याची एक ओळही नसावी, हे मला खटकतं.

प्रक्रिया केलेला खांब आणलात तर त्याचं कापलेलं टोक जमिनीत घालू नका, कारण आतल्या गाभ्यापर्यंत औषध पोचलेलं नसतं. ते टोक वर ठेवा, औषधाचा हात फिरवा आणि पाणी ओघळेल असा उतार द्या. आणि जुना हिरवट खांब उपटलात तर तो न्हाणीच्या चुलीत किंवा होळीत घालू नका. लाकूड जळतं, सोमल धुरात आणि राखेत उरतो. ती राख भाज्यांच्या वाफ्यातही टाकायची नाही.