स्लोचा स्क्रू

जुनी पेट्रोल गाडी बघायला गेलेला जाणकार माणूस ती लगेच पळवून बघत नाही. आधी इंजिन गरम होऊ देतो, मग नुसती उभी ठेवून ऐकतो. ॲक्सिलरेटरवर पाय नाही, गिअर टाकलेला नाही, इंजिन आपलं मिनिटाला सात-आठशे फेरे घेतंय. पुस्तकात याला आयडलिंग म्हणतात. पालघर-बोईसरकडच्या गॅरेजांत मी ऐकलेला शब्द ‘स्लो’. ‘स्लोला बंद पडते’, ‘स्लो जरा वाढवून द्या’. सरकारने गाड्यांच्या धुराचं पहिलं माप घेतलं तेही नेमकं याच अवस्थेत. त्यामुळे गॅरेजवाल्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर आणि केंद्र सरकारचे नियम पंधराएक वर्षं एका छोट्या स्क्रूवर समोरासमोर उभे होते. ही त्या स्क्रूची गोष्ट.

कार्ब्युरेटर म्हणजे मुळात मध्येच चिंचोळी केलेली नळी. चिंचोळ्या जागी हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि पेट्रोल आपोआप वर ओढलं जातं. हे तत्त्व ज्याच्या नावाने ओळखतात त्या व्हेंचुरी या इटालियन शास्त्रज्ञाने आपला ग्रंथ १७९७ साली छापला, म्हणजे मोटार यायच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी. पण गाडी स्लोवर असते तेव्हा हवेचा पडदा जवळपास बंद असतो. चिंचोळ्या जागेतून वारा वाहतच नाही, मग पेट्रोल ओढणार कोण? म्हणून पडद्याच्या खालच्या बाजूला, जिथे इंजिनाची ओढ जबरदस्त असते, तिथे सुईच्या टोकाएवढं वेगळं भोक ठेवलेलं असतं. त्या भोकात एका स्क्रूचं निमुळतं टोक घुसलेलं असतं. हा मिक्स्चरचा स्क्रू. दुसरा स्क्रू पडदा किती उघडा राहील ते ठरवतो. तो रेसचा.

ट्यूनिंग करायचं ते असं. इंजिन पूर्ण तापलेलं हवं आणि चोक आत ढकललेला. रेसचा स्क्रू थोडा आवळून फेरे जरा वाढवायचे. मग मिक्स्चरचा स्क्रू हळूहळू बाहेर काढत जायचं, तोवर की इंजिन लंगडत चालल्यासारखं डुलायला लागतं, म्हणजे पेट्रोल जास्त झालं. आता आत फिरवायचा, अगदी पाव-पाव फेरा, आवाज एकसारखा होईपर्यंत. आणखी आत गेलात तर इंजिन ठेचकाळतं, सायलेन्सरमधून फट् फट् येतं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं. या दोन्हींच्या मधली जागा शोधायची. मग रेस उतरवायची, की मिक्स्चर पुन्हा किंचित बिघडतं, की पुन्हा पहिल्यापासून. मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे याला फीडबॅक लूप म्हणतात. इथे त्या लूपमधला सेन्सर म्हणजे मेकॅनिकचा कान.

आपल्या भागात हा कान तयार झाला तो बराचसा फियाटवर. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ ची. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनू लागली आणि तीच पुढे १९७० च्या दशकात ‘पद्मिनी’ झाली. इंजिन १०८९ सीसीचं, त्यावर सोलेक्स कार्ब्युरेटर. तारापूरची अणुभट्टी १९६९ मध्ये सुरू झाली, शेजारी एमआयडीसी वाढली, बाहेरून शिकलेली, पगारदार माणसं आली. चर्चगेटवरून निघालेली लोकल मात्र डहाणूपर्यंत पोचायला २०१३ उजाडलं. मधल्या काळात ज्यांना जमलं त्यांनी गाडी घेतली, बहुतेकांनी जुनीच. पालघरहून मनोरला जाताना वाघोबा खिंड लागते. ती चढून आलेली तापलेली गाडी मस्तान नाक्यावर उभी केली की स्लो नीट आहे की नाही ते लगेच कळायचं.

मग नियम आले. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ११५ सांगतो की चारचाकी पेट्रोल गाडीच्या धुरात, गाडी स्लोवर असताना, कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांहून जास्त नसावा. दुचाकी आणि तीनचाकीला साडेचार टक्के. आपण ज्याला पीयूसी म्हणतो तो कागद याच नियमातून आला. उभ्या गाडीचा धूर मोजणं सोपं आणि स्वस्त असतं, नळी खुपसली की झालं, म्हणून स्लोवरच मोजायचं ठरलं असणार. व्यवहार म्हणून ठीक होतं. गंमत अशी की स्लोवरचा कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ पूर्णपणे त्या मिक्स्चरच्या स्क्रूवर ठरतो. स्क्रू आत फिरवा, पेट्रोल कमी, कार्बन मोनॉक्साइड कमी, गाडी पास. नंतर कोपऱ्यावर जाऊन स्क्रू पुन्हा बाहेर.

हा नुसता लबाडीचा मामला नव्हता, मापातच भोक होतं. मिश्रण फारच पातळ झालं की ठिणगी पडूनही ते कधीकधी पेटत नाही आणि कच्चं पेट्रोल तसंच धुरातून बाहेर पडतं. म्हणजे ठेचकाळणारी, डोळे चुरचुरवणारी गाडी यंत्रावर मात्र स्वच्छ दिसायची, कारण यंत्र फक्त कार्बन मोनॉक्साइड मोजत होतं. कान ज्याला बिघाड म्हणत होता त्याला नियम उत्तीर्ण म्हणत होता. हे भोक बुजलं १ ऑक्टोबर २००४ ला. त्या दिवसापासून न जळलेल्या हायड्रोकार्बनचंही माप सुरू झालं. जुन्या चारचाकींना १५०० पीपीएमची मर्यादा मिळाली. आता स्क्रू आत पिळला की एक आकडा उतरायचा आणि दुसरा चढायचा. दोन्ही मर्यादेत ठेवायचे तर ती जुनी मधली जागाच शोधावी लागे. सरकार पंधरा वर्षांनी मेकॅनिकच्या कानापाशी येऊन पोचलं.

पण तोवर उशीर झाला होता. भारत स्टेजचे नियम कडक होत गेले तशा २००० च्या आसपास मारुती ८०० सारख्या गाड्यांमध्येही कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं. स्लोचे फेरे आता ईसीयूतल्या एका तक्त्यात लिहिलेले असतात. धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर दर क्षणाला मिश्रण दुरुस्त करतो, तेही कोणत्याही कानाहून अचूक. नव्या गाड्यांची स्लोवरची मर्यादा अर्ध्या टक्क्यावर आणता आली ती यामुळेच. मला कार्ब्युरेटरचं गोडगोड स्मरणरंजन नको आहे. ती हवा आपण सगळ्यांनी खाल्ली आहे. तरीही तो तक्ता उघडायची परवानगी गाडीच्या मालकाला नाही आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजलाही नाही, हे मला, तसेच बंद तक्ते लिहून पोट भरणाऱ्या माणसाला, टोचतं.

आणखी एक टोचणी बोईसरची आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या यादीत तारापूर अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांमध्ये होतं आणि २०१८ च्या यादीत तर देशात सर्वांत वर. कारखान्यांचा वास नाकात घेत पीयूसीच्या टपरीपुढे उभं राहायचं आणि पाव फेऱ्याचा हिशेब द्यायचा, हा अनुभव इथल्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मुंबईत शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. खासगी गाड्या अजून आहेत. पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाला, पण त्यांच्या पाट्यांवर अजून ठाण्याचं एमएच-०४ दिसतं. त्यांची स्लो लावणारे मला भेटले ते मेकॅनिक साठीकडे झुकलेले आहेत आणि त्यांच्यापुढे सध्या नवीन काम आलंय. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने जुन्या जेटमधून येणारं मिश्रण पातळ पडतं आणि गाडी स्लोला ठेचकाळते. मेन जेटला फिरवायला स्क्रू नसतो, तो मोठ्या भोकाचा शोधून बदलावा लागतो, शिवाय रबराचे भाग फुगलेत का तेही बघावं लागतं. स्लोचं मात्र तिथल्या तिथे होतं. मिक्स्चरचा स्क्रू अर्धा फेरा बाहेर. जुन्या गाडीची मर्यादा अजून तीन टक्क्यांचीच आहे, त्यामुळे तेवढं परवडतं.