17 सप्टेंबर 1948 : बंदुका थांबल्या, मग गावात कोण गेलं?

आजच्या भागाचा विषय आहे शांतता मोहिमांमधली राजकीय माणसं. तुम्ही म्हणाल, शिरूर अनंतपाळचा आणि संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांचा काय संबंध? आहे. ऐका तर खरं.

शांतता मोहीम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर निळं हेल्मेट घातलेला सैनिक येतो. पण त्या मोहिमेत एक छोटी तुकडी बिनहत्यारी असते. तिला राजकीय व्यवहार विभाग म्हणतात. तिचं काम काय? दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना भेटायचं, गावच्या माणसांशी बोलायचं, कोण कुणावर चिडलंय आणि उद्या कुठं भडका उडेल ते ओळखायचं, आणि मोहिमेच्या प्रमुखाला खरं-खरं लिहून द्यायचं. गोळीबार थांबवणं सैन्याच्या हातात असतं. तो थांबलेला राहील का, हे या लोकांच्या कामावर ठरतं.

आता तारीख लक्षात ठेवा : 17 सप्टेंबर 1948. आपल्याकडं हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. 13 तारखेला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि 17 ला निजामानं हार मानली. त्याच्या आदल्याच दिवशी, 16 तारखेला, पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेनं हैदराबादचा प्रश्न चर्चेला घेतला होता. पुढं निजामानं आपली तक्रार मागं घेतली आणि त्या चर्चेतून काही निघालं नाही.

त्याच 17 तारखेला जेरुसलेममध्ये संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ काउंट फोल्के बर्नाडोट यांचा खून झाला. त्यांच्या जागी आले राल्फ बंच. ते सैनिक नव्हते, अभ्यासक होते. रोड्स बेटावर त्यांनी इजिप्त आणि इस्रायलच्या माणसांना बोलतं केलं. 24 फेब्रुवारी 1949 ला पहिला युद्धविराम करार झाला. पाठोपाठ लेबनॉन, जॉर्डन आणि सीरियाबरोबरही करार झाले. 1950 चं शांततेचं नोबेल बंच यांना मिळालं. मोहिमेतल्या राजकीय माणसाचं काम कसं असतं, याचं हे पहिलं मोठं उदाहरण.

आणि आपल्याकडं? बंच तिकडं काम करत होते, त्याच हिवाळ्यात असंच एक पथक आपल्या भागात फिरत होतं.

तेव्हा लातूर जिल्हा नव्हता, तो 1982 मध्ये झाला. निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यात होते. लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचाच वकील. रझाकारांनी या पट्ट्यात काय केलं, ते आपल्या घराघरांत सांगितलं जातं : जाळलेली गावं, लुटलेली घरं, रातोरात सरहद्द ओलांडून सोलापूर-बार्शीकडं गेलेली कुटुंबं. ते खरं आहे आणि ते विसरायचं नाही.

पण पोलीस ॲक्शननंतर काय झालं, हे कमी सांगितलं जातं. रझाकारांचा राग गावातल्या साध्या मुसलमान माणसांवर निघाला. ज्यांनी कधी हातात काठीही धरली नव्हती, त्यांच्यावरसुद्धा. बातम्या दिल्लीला पोचल्या तेव्हा पंडित नेहरूंच्या सरकारनं एक सद्भावना मंडळ पाठवलं : पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री.

हे मंडळ नोव्हेंबरच्या अखेरीपासून जवळजवळ तीन आठवडे फिरलं. संस्थानातल्या 16 पैकी 9 जिल्ह्यांत गेलं. जिथं जाता आलं नाही, तिथल्या शंभरावर गावांच्या लोकांना बोलावून ऐकलं. सभा घेतल्या, खाजगीत भेटी घेतल्या. म्हणजे राजकीय व्यवहार विभाग आज जे करतो, तेच.

त्यांनी लिहिलेलं वाचताना घसा कोरडा पडतो. त्यांचा अंदाज असा, की किमान 27 ते 40 हजार माणसं मारली गेली. सगळ्यात जास्त झळ लागलेले जिल्हे : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. म्हणजे आपलेच. काही ठिकाणी वर्दीतल्या माणसांनीही हात धुऊन घेतले, हे त्यांनी लपवलं नाही. आणि जीव धोक्यात घालून शेजारच्या मुसलमान कुटुंबाला वाचवणारे हिंदूही त्यांना भेटले, तेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे नोंदवलं.

पुढं काय झालं? सरदार पटेलांना हा अहवाल पटला नाही. तो छापला गेला नाही. अनेक दशकं त्यातले तुकडेच अभ्यासकांच्या हाती लागत राहिले. दिल्लीच्या ग्रंथालयात तो लोकांना पाहायला मिळाला 2013 च्या सुमारास. तोवर ज्यांनी साक्ष दिली, त्यातले बहुतेक जण गेले होते.

इथं मला दोन गोष्टींमधला फरक दिसतो. बंच यांच्या मागं करार करण्याचा अधिकार होता. ते जे ऐकत, ते कराराच्या कलमात उतरत होतं. सुंदरलाल मंडळाला ऐकण्याचं काम दिलं होतं, पुढचं काही ठरवण्याचं नाही. त्यामुळं ऐकलेलं कपाटात गेलं. कांगो असो की दक्षिण सुदान, आजच्या मोहिमांपुढंही प्रश्न हाच असतो : राजकीय पथकानं लिहिलेलं वरचा माणूस वाचतो का, आणि वाचून काही करतो का?

पण लिहून ठेवलं म्हणून काहीच उपयोग झाला नाही, असं मी म्हणणार नाही. ते तिघं आले नसते, तर आज आपल्याकडं फक्त कुजबुज उरली असती.

तर मंडळी, एक काम सांगतो. शिरूर अनंतपाळ, निलंगा, देवणी, औसा, कुठंही असाल. घरात ऐंशी-पंच्याऐंशीच्या पुढचं कुणी असेल, तर जवळ बसा आणि विचारा. रझाकारीत काय झालं ते विचारा आणि नंतर काय झालं तेही विचारा. आधी पूर्ण ऐकून घ्या, मध्ये बोलू नका. मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, त्यांची परवानगी घेऊन.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.