विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया : कृष्णवर्णीय पदवीधर

अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एकोणिसाव्या शतकात पदवी घेतलेल्या आफ्रिकी-अमेरिकी स्त्री-डॉक्टरांची परंपरा. डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५–८७) आणि डॉ. गुरुबाई करमरकर या महाविद्यालयाच्या पदवीधर असल्याने त्याचे नाव मराठी वाचकांना परिचित आहे. त्याच वर्गांतून शिकून गेलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांची माहिती मात्र मराठीत क्वचितच आढळते.

पार्श्वभूमी : महाविद्यालयाची स्थापना १८५० मध्ये झाली. प्रचलित वैद्यकीय महाविद्यालये बहुधा स्त्रियांना प्रवेश देत नसत. स्थापनेमागे क्वेकर पंथीयांचा पुढाकार होता आणि त्यांच्यापैकी अनेकांचा गुलामगिरीविरोधी चळवळीशी संबंध होता. वंश व देश यांच्या सीमा ओलांडून विद्यार्थिनी येथे येऊ शकल्या, त्यामागे ही पार्श्वभूमी होती. अमेरिकेतील पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री-डॉक्टर रिबेका ली क्रम्प्लर मात्र बॉस्टनमधील दुसऱ्या संस्थेतून १८६४ मध्ये पदवीधर झाल्या होत्या.

प्रमुख पदवीधर : रिबेका कोल (१८४६–१९२२) या महाविद्यालयाच्या पहिल्या कृष्णवर्णीय पदवीधर होत. गुलामगिरी कायद्याने संपल्यानंतर दोनच वर्षांनी, १८६७ मध्ये, त्यांना पदवी मिळाली. न्यूयॉर्कमध्ये स्त्री-डॉक्टर एलिझाबेथ ब्लॅकवेल यांच्या वैद्यकीय संस्थेत काम करताना त्या गरीब वस्त्यांत घरोघरी जाऊन स्वच्छता व बालसंगोपनाचे शिक्षण देत. फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीयांमधील क्षयरोगाचा दोष त्यांच्या अज्ञानावर ठेवणे कोल यांना मान्य नव्हते. भाडेकरूंना दाटीवाटीने कोंबणाऱ्या घरमालकांना कायद्याने आळा घालावा, अशी त्यांची भूमिका होती.

कॅरोलिन स्टिल अँडरसन (१८४८–१९१९) यांचे वडील विल्यम स्टिल हे पळून आलेल्या गुलामांना मदत करणाऱ्या गुप्त यंत्रणेचे प्रमुख कार्यकर्ते होते. कॅरोलिन १८७८ मध्ये पदवीधर झाल्या. बॉस्टनच्या स्त्री-रुग्णालयाने वर्णामुळे त्यांना उमेदवारी नाकारली. त्या स्वतः तेथे जाऊन मंडळापुढे उभ्या राहिल्या आणि मंडळाने एकमताने त्यांची नेमणूक केली. पुढे फिलाडेल्फियात त्यांनी दवाखाना चालवला. पती मॅथ्यू अँडरसन यांच्यासह १८९९ मध्ये कृष्णवर्णीय तरुणांसाठी औद्योगिक शिक्षणाची शाळाही काढली.

हॅले टॅनर डिलन (१८६४–१९०१) यांची पदवी १८९१ ची. कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांनी त्यांना टस्कीगी येथील शाळेत निवासी डॉक्टर म्हणून बोलावले. त्यासाठी अलाबामा राज्याची दहा दिवस चाललेली परवाना परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या. त्या राज्यात वैद्यकीय परवाना मिळालेल्या त्या पहिल्याच स्त्री होत. टस्कीगीत अध्यापन व रुग्णसेवा सांभाळून त्या औषधेही स्वतः तयार करीत.

गुलामगिरीत जन्मलेल्या इलायझा ग्रायर यांनी एक वर्ष कापूस वेचून पैसे साठवायचे आणि पुढचे वर्ष शिकायचे, असे करीत १८९७ मध्ये शिक्षण पूर्ण केले. बाळंतपणाची कामे कृष्णवर्णीय बायका करतात आणि मोठी फी मात्र गोरा डॉक्टर घेऊन जातो, हे पाहून त्या वैद्यकाकडे वळल्या होत्या. जॉर्जिया राज्यात परवाना मिळालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. त्याच वर्षी पदवीधर झालेल्या मटिल्डा एव्हान्स यांनी दक्षिण कॅरोलायनातील कोलंबिया येथे १९०१ मध्ये रुग्णालय व परिचारिकांचे प्रशिक्षण सुरू केले.

मराठी संदर्भ : आनंदीबाई १८८३ ते १८८६ या काळात येथे शिकत होत्या. त्यांच्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८८ मध्ये, पुढे मिसिसिपी राज्यात परवाना मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री ठरलेल्या कृष्णवर्णीय व्हेरिना मॉर्टन यांनी येथूनच पदवी घेतली. गुरुबाई करमरकर १८९२ मध्ये पदवीधर होऊन मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या वैद्यकीय कामात रुजू झाल्या. डिलन त्यांच्या आदल्याच वर्षी बाहेर पडल्या होत्या. आनंदीबाईंचा प्रबंध हिंदू स्त्रियांच्या प्रसूतिशास्त्राविषयी होता. परक्या पुरुष डॉक्टरपुढे संकोचणाऱ्या आपल्या स्त्रियांना स्त्री-डॉक्टर मिळावी, हा त्यांचा हेतू होता. ग्रायर यांची प्रेरणाही बाळंतिणीच्या खोलीतूनच आली होती, पण तिचा रोख वर्णभेदाच्या अर्थकारणावर होता.

महत्त्व : पदवीने या स्त्रियांना रुग्णालयांची दारे आपोआप उघडली नाहीत. म्हणून त्यांच्यापैकी अनेकींनी दवाखाने, शाळा आणि परिचारिका-वर्ग स्वतः उभारले. त्यांचे वैद्यकीय कार्य व समाजकार्य वेगळे काढता येत नाही. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय रुग्णांना आपल्या समाजातील डॉक्टर मिळण्याची सुरुवात काही ठिकाणी त्यांच्यापासून झाली. १९७० मध्ये महाविद्यालय पुरुषांनाही खुले झाले. पुढील विलीनीकरणांनंतर त्याचा वारसा फिलाडेल्फियातील ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आला असून जुनी कागदपत्रे व छायाचित्रे तेथील संग्रहात जतन केली आहेत.