‘बॉण्ड्समन’ : दास्य आणि जामीनकी यांना जोडणाऱ्या शब्दाचा इतिहास

प्रस्तावना
शब्दाच्या अर्थांतरातून समाजातील आर्थिक व कायदेशीर संबंधांचा इतिहास उलगडता येतो. इंग्रजीतील ‘बॉण्ड्समन’ हा शब्द याचे बोलके उदाहरण होय. ‘गुलाम’ किंवा ‘भूदास’ हा त्याचा एक अर्थ, तर ‘दुसऱ्यासाठी कायदेशीर हमी देणारा जामीनदार’ हा दुसरा. प्रस्तुत लेखात या दोन अर्थांचा उगम, त्यांचा संयोग आणि त्याचा भारतीय संदर्भ यांचा मागोवा घेतला आहे.

दोन स्वतंत्र मुळे
दास्याचा अर्थ ‘बंधन’ या कल्पनेतून आला असावा, असे सहज वाटते. वस्तुस्थिती वेगळी आहे. प्राचीन नॉर्स भाषेत ‘बोंडी’ म्हणजे घर करून राहणारा, जमीन कसणारा स्वतंत्र कुटुंबप्रमुख. ‘हजबंड’ या शब्दात हा मूळ प्रतिष्ठित अर्थ आजही टिकून आहे. १०६६ मधील नॉर्मन विजयानंतर इंग्लंडमध्ये सरंजामी व्यवस्था दृढ झाली. शेतकरी जमीनदाराच्या अधीन होत गेला आणि त्याच्याबरोबर शब्दाचीही अवनती होऊन ‘बॉण्डमन’ म्हणजे भूदास असा अर्थ रूढ झाला. याउलट हमीपत्र या अर्थाचा ‘बॉण्ड’ हा बांधण्याचे साधन दर्शविणाऱ्या ‘बँड’ या शब्दाचे रूपांतर आहे. जामीनदार हा अर्थ या दुसऱ्या मुळाचा होय.

अर्थांचा संयोग
ध्वनिसाम्यामुळे ही दोन मुळे एकमेकांत मिसळली. परंतु हे मिश्रण टिकले ते सामाजिक वास्तवामुळे. शेक्सपिअरच्या ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’ या नाटकात बॅसॅनिओला मिळणाऱ्या कर्जासाठी अँटोनिओ स्वतःला बांधून घेतो आणि त्याच्या देहाचे मांस हेच तारण ठरते. त्याच नाटकात शायलॉक दासाच्या लीन स्वराविषयी बोलताना ‘बॉण्डमन’ हा शब्द योजतो. अमेरिकेत १८६५ साली अध्यक्ष लिंकन यांनी आपल्या दुसऱ्या शपथविधीच्या भाषणात गुलामासाठी हाच शब्द वापरला. पुढे त्याच देशात पैसे घेऊन आरोपीची हमी देणारा व्यावसायिकही ‘बॉण्ड्समन’ म्हणवला जाऊ लागला.

भारतीय संदर्भ
संस्कृत परंपरेत या दोन कल्पनांसाठी वेगळे शब्द आहेत. जामीनदार तो ‘प्रतिभू’, तर गहाण ठेवलेली व्यक्ती म्हणजे ‘आहितक’. अशा व्यक्तीला हीन कामे करावयास लावल्यास धनकोचा पैशावरील हक्क बुडतो, असा नियम कौटिल्याने घातला आहे. म्हणजे शब्द भिन्न असले तरी देह तारण ठेवण्याची प्रथा येथेही होतीच.

या दृष्टीने १९७६ चा वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा कायदा महत्त्वाचा ठरतो. ऋणकोने कर्ज न फेडल्यास त्याच्या बदल्यात आपण राबू, असा करार जामीनदाराने केला असेल, तर तोही या कायद्याच्या व्याख्येत येतो. येथे जामीनदार आणि दास ही एकच व्यक्ती असते. दुसरीकडे, १९७८ मधील मोतीराम खटल्यात एका गरीब गवंड्याकडून दहा हजार रुपयांचा जामीन मागण्यात आला होता आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असल्यामुळे त्याची हमी नाकारली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका अमान्य केली. जामीनकीची पात्रता मालमत्तेवरून ठरविली की निर्धनावर कसा अन्याय होतो, हे या खटल्याने दाखविले.

निष्कर्ष
मालमत्ता असलेला मनुष्य हमी देताना ती पणाला लावतो. ती नसलेल्यापाशी तारण ठेवण्यास केवळ स्वतःचे श्रम उरतात. ‘बॉण्ड्समन’ या शब्दाचे दोन अर्थ व्युत्पत्तीने परके असूनही इतिहासात शेजारी नांदले, त्याचे कारण हेच. मराठीतील ‘वेठबिगार’ या शब्दात ‘वेठ’ हा संस्कृत ‘विष्टि’पासून, तर ‘बिगार’ हा फारसीतून आला आहे. दोन्ही पदे सक्तीचे, विनामोबदला श्रम सुचवितात. कर्ज मात्र सुचवीत नाहीत. हिंदीतील ‘बंधुआ’ या शब्दात बांधले गेल्याची खूण तरी राहते. त्यामुळे हा विषय मराठीतून शिकविताना वेठीमागील कर्ज आणि कर्जामागील हमी यांचा स्वतंत्र उल्लेख करणे आवश्यक ठरते. अन्यथा सक्ती दिसते, पण ती ज्या करारातून जन्मली तो करार दृष्टीआड राहतो.