बोर्डापासून एक्स्टेन्शनपर्यंत

बाहेरून आलेला फोन नेमक्या टेबलापर्यंत पोहोचवणे हे पूर्वी यंत्राचे नव्हे, माणसाचे काम होते. मुंबईत १८८२ साली एक्स्चेंज सुरू झाले. बारामती-इंदापूरसारख्या तालुक्यांच्या गावी मात्र दूरचा फोन म्हणजे दीर्घकाळ ऑपरेटरने जोडून दिलेला ट्रंक कॉलच. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग अशी त्याची प्रतवारी असे आणि घाईचे पैसे जास्त पडत.

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील सहकारी साखर कारखान्यांचा पसारा मोठा: शेतकी खाते, वजनकाटा, गोदाम, हिशेब विभाग. एवढ्या पसाऱ्याच्या संस्थेत बाहेरच्या मोजक्या लाइनी आणि आतली एक्स्टेन्शने यांच्यामध्ये ऑपरेटर स्विचबोर्डापुढे बसे. फोन आला की बोर्डावरची छोटी झडप खाली पडे. ऑपरेटर दोरीची पिन त्या लाइनीच्या भोकात खुपसून ‘कोण पाहिजे?’ विचारी, दुसरी पिन हव्या त्या एक्स्टेन्शनमध्ये घालून घंटी वाजवी. साहेब जागेवर आहेत की फडावर, हेही बहुधा त्यालाच ठाऊक असे.

१९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने १२८ लाइनींचे ग्रामीण एक्स्चेंज बनवले आणि देशाच्या खेड्यापाड्यांत स्वयंचलित फोनची वाट सोपी झाली. ऑपरेटरविना थेट दूरचा नंबर फिरवण्याच्या एसटीडी सेवेत बारामतीला ०२११२, इंदापूरला ०२१११ हे कोड मिळाले. कचेऱ्यांत ईपीएबीएक्स हे आतले स्वयंचलित एक्स्चेंज आले: एक लाइन व्यस्त असेल तर फोन आपोआप पुढच्या लाइनीवर, रात्री थेट गेटवरच्या पहारेकऱ्याकडे. पुढे ध्वनिमुद्रित आवाज आकडे दाबायला सांगू लागला. खर्च वाचला खरा, पण उसाच्या नोंदीची चौकशी करणाऱ्या शेतकऱ्याला ऑपरेटरच सोयीचा होता.